उत्तरपत्रिकेची रुजवात

दहावी-बारावीच्या परीक्षांच्या बाबतीत राज्य मंडळाने २०२३ साली एक लहानसा फेरबदल केला. तोपर्यंतचा शिरस्ता असा होता की, पेपर अकराला सुरू व्हावयाचा असला, तरी प्रश्नपत्रिका दहा मिनिटे अगोदर विद्यार्थ्याच्या हाती पडे, आणि ती शांतपणे वाचून कोठून आरंभ करावा याचा विचार करण्यास त्याला अवकाश मिळे. परंतु ही दहा मिनिटे प्रश्नपत्रिकेची छायाचित्रे मोबाइलवरून बाहेर धाडणाऱ्यांच्या उपयोगी पडू लागली, तेव्हा मंडळाने ती सवलत काढून घेतली, आणि विद्यार्थ्यांचे नुकसान होऊ नये म्हणून तेवढीच मिनिटे वेळेच्या शेवटी जोडून दिली. अकरा ते दोनची परीक्षा अकरा ते दोन वाजून दहा मिनिटे अशी झाली. वाचनाची दहा मिनिटे गेली आणि त्यांच्या जागी तपासणीची दहा मिनिटे आली, असा या अदलाबदलीचा अर्थ लावावयास काहीच हरकत नव्हती. तो कोणी लावल्याचे मात्र दिसले नाही.

पहिल्या दहा मिनिटांचा विनियोग कसा करावा हे विद्यार्थ्याला सांगावे लागत नसे. समोर छापील कागद आला की डोळे आपोआप वाचू लागतात. शेवटच्या दहा मिनिटांचे तसे नाही. स्वतःच लिहिलेला, नुकताच हातावेगळा केलेला मजकूर परक्याच्या डोळ्यांनी पुन्हा वाचणे ही क्रिया मनुष्यस्वभावाला मुळातच जड जाते, आणि तीन तास बाकावर अवघडून बसलेल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला तर ती शिक्षेसारखीच वाटते. सबब तो दोहोंपैकी एक मार्ग पत्करतो : एक तर शेवटच्या उत्तरात आणखी चार वाक्ये कोंबतो, नाही तर पुरवण्यांना दोरा बांधून खिडकीबाहेर पाहत बसतो. ‘पेपर तपासून द्या रे’ असे पर्यवेक्षक सांगतात, शिक्षकांनी वर्षभर सांगितलेले असते, घरून निघताना आईनेही बजावलेले असते. परंतु तपासणे म्हणजे नेमके काय करणे, कोठून आरंभ करून कोठे थांबणे, याचा खुलासा या तिघांपैकी कोणीही केलेला नसतो. माझे म्हणणे असे की, उत्तर लिहिणे आणि लिहिलेले उत्तर तपासणे ही दोन निरनिराळी कौशल्ये आहेत. आपल्या शाळा त्यांपैकी पहिलेच शिकवितात. आणि या उणिवेचा सर्वांत मोठा भुर्दंड इंग्रजीच्या पेपरात, तोही मराठी माध्यमाच्या मुलांना, भरावा लागतो.

हा विचार पिंपरी-चिंचवड आणि चाकण या पट्ट्याच्या संदर्भात करण्यास थोडे औचित्य आहे. मराठी शाळांतून पहिलीपासून इंग्रजी शिकविण्याचा निर्णय २००० साली ज्यांच्या कारकिर्दीत अमलात आला, ते तत्कालीन शालेय शिक्षणमंत्री प्रा. रामकृष्ण मोरे याच भागाचे लोकप्रतिनिधी; चाकण ज्या तालुक्यात मोडते त्या खेडच्या नावाच्या लोकसभा मतदारसंघातून १९८० आणि १९८४ साली ते निवडून गेले होते, आणि चिंचवडचे प्रेक्षागृह आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. तोपर्यंत इंग्रजीची तोंडओळख पाचवीत होई. या निर्णयावर त्या वेळी जो वाद माजला, त्यात मातृभाषेच्या भवितव्यापासून ग्रामीण शिक्षकांच्या तयारीपर्यंत पुष्कळ गोष्टींचा ऊहापोह झाला, आणि त्यातला बराचसा आवश्यकही होता. मोऱ्यांचा पक्ष असा की, इंग्रजी हे मूठभरांच्या पोरांचे वतन राहू नये. ज्या परिसरात हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ साली उभा राहिला, ज्याची नगरपालिका १९७० साली आणि महानगरपालिका १९८२ साली झाली, आणि ज्याच्या भोसरी-आकुर्डीच्या कारखान्यांचा विस्तार पुढे मोशी, कुरुळी, निघोजे, म्हाळुंगे असे टप्पे घेत चाकणच्या माळरानावर जाऊन पोहोचला, त्या परिसरातल्या माणसाला हे म्हणणे पटवून द्यावे लागत नव्हते. लातूर-बीड-जळगावकडून पोटासाठी आलेल्या कामगाराला कारखान्याच्या फाटकाशी लागलेली सूचनाच इंग्रजीत दिसत होती.

निर्णयाला आता पंचवीस वर्षे होऊन गेली. आज दहावीला बसणारा मराठी माध्यमाचा विद्यार्थी दहा वर्षे इंग्रजी शिकून तृतीय भाषेच्या त्या ऐंशी गुणांच्या कृतिपत्रिकेसमोर बसतो. उरलेले वीस गुण शाळेच्या अंतर्गत मूल्यमापनाचे. दहा वर्षांत त्याला काय आले आणि काय आले नाही, याचा हिशेब मांडण्याचे काम त्या तीन तासांकडे असते. हिशेब बरोबर यावयाचा, तर आलेले तरी कागदावर धडपणे उतरले पाहिजे.

अशा एका उत्तरपत्रिकेकडे जरा जवळून पाहू. ती मंडळाची नव्हे, शाळेच्या सराव परीक्षेची आहे, आणि जिचे वडील चाकणच्या बाजूला एका प्रेस शॉपमध्ये कामाला आहेत अशा रुपीनगरच्या एका मुलीची आहे. पहिल्या उताऱ्याखाली आकृती पूर्ण करावयाची होती. मुलीने चारही चौकटी बरोबर भरल्या आहेत, परंतु उताऱ्यात छापलेला ‘एन्व्हायर्नमेंट’ हा शब्द उतरवून घेताना मधला ‘एन’ गळाला आहे, आणि ‘हिमालय’ लहान ‘एच’ने सुरू झाला आहे. पुढच्या उत्तरात एका वाक्यात ‘शी गोज’ असे शुद्ध लिहून लगेच तिसऱ्या ओळीत ‘शी गो’ आले आहे. एके ठिकाणी ‘डिड नॉट वेंट’ आहे. सारांश चांगला साधला आहे, पण त्याला शीर्षक द्यावयाचे होते ते राहिले. पत्र लिहिताना प्रश्नात दिलेले नाव सोडून मुलीने स्वतःचे नाव आणि घराचा पत्ता घातला. ही चूक सराव परीक्षेत हसण्यावारी जाते, मंडळाच्या परीक्षेत मात्र ओळख उघड करण्याच्या सदरात जाऊ शकते. एक उपप्रश्न मधेच सुटला होता, तो आठवल्यावर पुरवणीच्या शेवटी लिहिला, परंतु त्यावर प्रश्नाचा क्रमांक घातला नाही. तपासणाऱ्याने त्या अनाथ परिच्छेदाला आधीच्या पत्राचाच भाग समजून त्यावर रेघ मारली.

आता या सर्व दोषांची प्रतवारी लावून पाहावी. या मुलीला तोंडी विचारले असता ‘डिड’नंतर क्रियापदाचे कोणते रूप येते हे ती तत्काळ सांगते, ‘शी’बरोबर ‘गोज’ येते हे तिने त्याच पानावर लिहून दाखविले आहे, ‘एन्व्हायर्नमेंट’ तर डोळ्यांसमोर छापलेला होता. म्हणजे गेलेल्या गुणांपैकी अज्ञानापायी गेलेले गुण फार थोडे. बाकीचे जे गेले ते लिहिणे आणि सुपूर्द करणे यांच्या दरम्यान कोणीही चौकीवर उभे नव्हते म्हणून गेले. ज्या मुलाला येतच नाही त्याचे गुण जाणे हा परीक्षेचा न्याय होय. ज्याला येते त्याचे गुण अशा रीतीने जाणे ही शिक्षणाची हानी आहे, आणि तिच्याकडे ‘निष्काळजीपणा’ असा शेरा मारून बघणे म्हणजे आपली जबाबदारी मुलाच्या स्वभावावर ढकलून मोकळे होणे आहे.

यात मराठी मुलाची म्हणून एक खास अडचण आहे, ती इंग्रजी माध्यमाच्या परीक्षकाला सहसा जाणवत नाही. देवनागरीत लहान-मोठ्या अक्षरांचा भेद नाही. वाक्याचा आरंभ किंवा विशेषनाम दाखविण्यासाठी आपण अक्षराचे रूप कधी बदलीत नाही. मराठीत नामापूर्वी ‘अ’ किंवा ‘द’ यांसारखे उपपद लावण्याचा प्रघात नाही. इंग्रजी लिहिताना या मुलाचे मन मजकुरात गुंतलेले असते, आणि ज्या गोष्टींची त्याच्या लेखणीला जन्मापासून सवय नाही त्या गोष्टी तंद्रीत सुटून जातात, हे स्वाभाविक आहे. म्हणूनच त्या लिहितानाच सांभाळाव्यात असा आग्रह धरण्यापेक्षा, लिहून झाल्यावर मुद्दाम वेगळ्या फेरीत त्यांचा माग काढावा, हे अधिक व्यवहार्य. ‘पुन्हा एकदा वाचून पाहा’ या उपदेशाने काही साधत नाही, कारण मजकुराचा अर्थ लावीत वाचणारा डोळा गळालेले अक्षर मनातल्या मनात भरून घेतो आणि पुढे जातो. फेरी एकेका दोषाची असली पाहिजे. पहिल्या फेरीत उत्तर मुळी वाचावयाचेच नाही. प्रश्नपत्रिका एका हाताशी घेऊन फक्त क्रमांकांची रुजवात घ्यावयाची, कोणता उपप्रश्न सुटला, कोणत्या उत्तरावर क्रमांक नाही, पुरवण्या क्रमाने लागल्या की नाहीत एवढेच पाहावयाचे, आणि याला दोन मिनिटांहून अधिक लागत नाहीत. दुसऱ्या फेरीत बोट फक्त पूर्णविरामावरून पूर्णविरामावर न्यावयाचे : त्याच्या पुढचे अक्षर कॅपिटल आहे काय? तिसरीत केवळ क्रियापदे. आणि उताऱ्यातून उचललेले शब्द असतील, तर ते उत्तरातून उताऱ्याकडे, अक्षर अक्षर लावून, उलट दिशेने ताडून पाहावयाचे. एवढ्या फेऱ्या दहा मिनिटांत बसतात. मात्र त्या परीक्षेच्या सकाळी प्रथमच करून पाहण्याजोग्या नाहीत, त्यांचा हात आधी बसलेला असावा लागतो.

विशेष म्हणजे हे तत्त्व या मुलांच्या घरात अपरिचित नाही. रुपीनगरच्या त्या मुलीच्या वडिलांना कामाच्या जागी कोणीही ‘नग नीट बघून पाठवा’ एवढे सांगून थांबत नाही. पाळी सुरू होताच पहिला नग काढून तो मोजावयाचा, तो मंजूर झाल्याशिवाय मशीन पुढे चालवावयाचे नाही. मग ठरलेल्या संख्येने एकेक नग उचलून अमुक छिद्र गो–नो गो गेजने, अमुक जाडी व्हर्निअरने, अशी प्रत्येक मापाची वेगळी तपासणी करून चेकशीटवर नोंद करावयाची. आणि क्वालिटीचा माणूस नंतर येऊन तपासणार आहे म्हणून ऑपरेटरने आपली तपासणी सोडावयाची नाही. नगाला दोष राहिला, तर तो रिवर्कला जातो किंवा भंगारात जातो, आणि कोणाच्या पाळीत राहिला हे कागदावर येते. ही शिस्त त्यांना कोणाच्या नीतिपाठाने आलेली नाही, ठरवून दिलेल्या कृतीने आली आहे. ज्या बापाने दिवसभर शेकडो नग मोजले, त्याच्या मुलीला शाळेत ‘तपासून दे’ एवढीच मोघम आज्ञा मिळावी, यातील विसंगती शाळेच्या ध्यानी येत नाही. आणि बापाच्याही येत नाही, कारण इंग्रजीचा पेपर म्हटला की आपल्याला त्यातले काही कळत नाही असे तो धरूनच चालतो. क्रमांकांची रुजवात घ्यावयास इंग्रजी यावे लागत नाही, हे त्याला कोणीतरी पालकसभेत सांगावयास हवे.

तपासणीबरोबरच उत्तराच्या मांडणीचा विचार येतो, आणि येथे आपल्या शाळांत एक निराळाच गोंधळ आहे. मांडणी म्हणजे सजावट, अशी समजूत पसरली आहे, आणि ती पसरविण्यात क्लासवाल्यांचा वाटा मोठा आहे. प्रत्येक उत्तराखाली दुहेरी रेघ, महत्त्वाच्या शब्दांखाली निराळ्या शाईची अधोरेखा, पानाच्या चारही बाजूंना पट्टीने ओढलेली चौकट, असा शृंगार करण्यात मुले अर्धा अर्धा तास घालवितात. मराठीच्या कृतिपत्रिकेवर तर आकृत्या पेनानेच काढाव्यात आणि उपयोजित लेखनाला आकृत्यांची आवश्यकता नाही, अशी सूचनाच छापलेली असते; तिचा आशय अनलंकृत स्वच्छतेचा आहे. तरीही ‘परीक्षकाचे डोळे दिपले पाहिजेत’ हे वाक्य शिकवणीवर्गांच्या भिंतींना पाठ झाले आहे. तीन तासांनी थकलेल्या मुलाचे जे डोळे स्वतःचे ‘डिड नॉट वेंट’ पाहू शकत नाहीत, त्यांच्या मालकाने दुसऱ्याचे डोळे दिपविण्याची उठाठेव कशाला करावी?

मांडणीचा खरा हेतू पाहावयाचा, तर आपल्याच वाङ्मयात त्याचा उत्तम दाखला आहे. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेच्या निरूपणासाठी खर्ची घातला. मोक्षाचा विचार सांगणाऱ्या ग्रंथात शाई, टाक, ओळींतले अंतर यांचा विचार यावा, याचे कोणास नवल वाटेल. परंतु समर्थांची दृष्टी पाहण्यासारखी आहे. अक्षर सुंदर असावे हे तर ते सांगतातच, पण पहिल्या पानावरचे अक्षर आणि अखेरच्या पानावरचे अक्षर एकाच टाकाने लिहिल्यासारखे दिसावे, ही त्यांची अपेक्षा अधिक मार्मिक आहे; कारण आरंभीचा उत्साह सर्वांनाच असतो, कस लागतो तो शेवटच्या पानांवर. समास सोडण्याचे त्यांनी दिलेले कारण तर निखळ व्यवहारातले आहे : भोवती मोकळी जागा असली म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागत नाही. उत्तरपत्रिकेतला समास आज कडा झडण्यासाठी नसेल, परंतु तेथे परीक्षकाला गुण मांडावयाचे असतात, आणि जेथे मुलाने मजकूर समासात घुसविलेला असतो, तेथे बेरजेच्या वेळी एखादा आकडा अक्षरांच्या गर्दीत हरवतो. मांडणीतली प्रत्येक गोष्ट अशी वाचणाऱ्याच्या सोयीशी बांधलेली आहे. क्रमांक प्रश्नपत्रिकेत जसा दिला तसाच घालणे, नवा प्रश्न नव्या पानावर घेणे, चुकलेल्या शब्दावर एकच आडवी रेघ ओढून शेजारी शुद्ध शब्द लिहिणे, गिरवून गिरवून अक्षराचा काळा डाग न करणे, यांपैकी कशालाही रंगीत पेन लागत नाही.

आणि दुसऱ्याच्या हाती जाणारे लेखन आधी शोधून मगच सोडावे, ही आपल्या राज्यकारभाराची तर जुनी रीत. शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकसमयीचा म्हणून जो कानुजाबता प्रसिद्ध आहे, त्यात अष्टप्रधानांपैकी सचिवाकडे सोपविलेल्या कामांत राजपत्रे तपासून त्यांतील अधिक-उणे अक्षर शुद्ध करण्याचे काम स्पष्टपणे नमूद आहे. ज्या राज्याला चहूबाजूंनी शत्रू होते, त्याने आपल्या आठांपैकी एका प्रधानाकडे एका अक्षराची उणीव शोधण्याचे काम द्यावे, हा तपशील शाळेच्या इतिहासाच्या तासाला सांगितला जातो. इंग्रजीच्या तासाला मात्र कोणाला आठवत नाही. त्या काळच्या पत्रांच्या अखेरीस ‘मर्यादेयं विराजते’ अशी मुद्रा उठविलेली असे, ती मजकूर येथे संपला हे दाखविण्यासाठी, म्हणजे मागाहून कोणी त्यात भर घालू नये. उत्तरपत्रिकेतल्या कोऱ्या पानांवर तिरकी रेघ मारावयास लावतात, त्यामागेही हेच शहाणपण आहे. मुले ती रेघ मारतात, कारण तशी आज्ञा आहे. कारण कोणी सांगत नाही.

अक्षराविषयी मात्र एक सावधगिरी बाळगली पाहिजे. घोटीव अक्षर हे ज्या घरात टेबल आहे, दिवा आहे आणि शांतता आहे, त्या घरातल्या मुलाला लवकर साधते. एका खोलीत पाच माणसे राहतात, बाप रात्रपाळी करून दिवसा झोपलेला असतो आणि मूल पलंगाच्या कडेवर वही ठेवून लिहिते, अशी घरे या कारखानदारीच्या पट्ट्यात थोडी नाहीत. अशा मुलाच्या वाकड्या पण वाचता येणाऱ्या अक्षराबद्दल गुण कापणारा परीक्षक माझ्या मते अन्याय करतो. सुव्यवस्था आणि सुलेखन यांत भेद आहे, आणि परीक्षेने मागावयाची ती सुव्यवस्था. ती गरिबाला श्रीमंताइतकीच साध्य आहे.

मुलांकडून एवढी अपेक्षा करताना वडीलधाऱ्यांच्या दप्तराची अवस्थाही पाहिली पाहिजे. बारावीच्या परीक्षेचा २१ फेब्रुवारी २०२३ चा पहिलाच पेपर इंग्रजीचा होता. त्यात कवितेवरच्या विभागातील काही कृतींत जेथे प्रश्न असावयाचा, तेथे परीक्षकासाठीच्या सूचना छापल्या गेल्या. मुलांच्या पुढे प्रश्नच नव्हता. मंडळाला अखेर त्या कृतींचे सहा गुण देण्याची तजवीज करावी लागली. प्रश्नपत्रिका काढणारे, तिची छाननी करणारे, छापील नमुना पाहणारे, असे कित्येक जाणते डोळे त्या पानावरून फिरले असतील, आणि त्या सर्वांनी अर्थ लावीत वाचले असेल. क्रमांकाशी क्रमांक आणि प्रश्नाशी प्रश्न लावून पाहण्याची कोरडी फेरी कोणीच घेतली नसावी. सोळा वर्षांचे मूल जी चूक करते तीच ही चूक. फरक इतकाच की मंडळाच्या चुकीचे सहा गुण मुलांना मिळाले, मुलाच्या चुकीचे कोणालाच मिळत नाहीत.

निकालानंतर मात्र तपासणीचा बाजार भरतो. अलीकडच्या वर्षांत गुणपडताळणीसाठी प्रत्येक विषयामागे ५० रुपये, उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीसाठी ४०० रुपये, आणि छायाप्रत घेतल्यावर पुनर्मूल्यांकन हवे असेल तर ३०० रुपये असा दर राहिला आहे. ही सोय असावी, आणि ज्याला परीक्षकाच्या कामात दोष दिसतो त्याने तिचा लाभ घ्यावा. पण गुणपडताळणीत पाहतात ते एवढेच की, प्रत्येक उत्तराला गुण दिले आहेत काय आणि बेरीज बरोबर आहे काय. मुलाने लिहिताना गाळलेला ‘एन’ कोणत्याही शुल्काने परत येत नाही. छायाप्रत हाती आल्यावर कित्येक मुले आपली उत्तरपत्रिका आयुष्यात प्रथमच सावकाश वाचतात, आणि तेव्हा त्यांना जे दिसते ते तपासणाऱ्याच्या चुकीपेक्षा स्वतःच्या सुटलेल्या गोष्टी अधिक असतात. चारशे रुपये भरून घेतलेला हा धडा आठवीत फुकट मिळू शकत होता.

तो मिळत का नाही, याचे उत्तर शाळेच्या एका साध्या रूढीत आहे. घटक चाचणीच्या तपासलेल्या उत्तरपत्रिका वर्गात एका तासापुरत्या दाखवितात. त्या तासात मुले काय करतात? बेरीज करतात, शेजाऱ्याशी ताडतात, आणि अर्ध्या गुणासाठी टेबलाभोवती गर्दी करतात. शिक्षकाने लाल शाईने प्रत्येक चूक दुरुस्त करून ठेवलेली असते. म्हणजे तपासण्याचे जे श्रम मुलाने करावयाचे ते शिक्षकाने केले, आणि मुलाला फक्त त्यांची किंमत वसूल करण्याचे काम उरले. तास संपला की गठ्ठा परत कपाटात. माझी सूचना अशी की, इंग्रजीच्या चाचणीत शिक्षकाने दोषाखाली केवळ एक रेघ ओढावी, दुरुस्ती करू नये. गुण मांडावेत पण सांगू नयेत. दुसऱ्या दिवशी उत्तरपत्रिका मुलाच्या हाती देऊन त्याच्याकडून ते दोष शोधवून, दुरुस्त करवून घ्यावेत. आणि जितके त्याने स्वतः शोधले त्यांपैकी काही अंश गुणांच्या रूपाने त्याला द्यावा. अंतर्गत मूल्यमापनाच्या वीस गुणांच्या चौकटीत यासाठी जागा काढता आली, तर उत्तमच; न आली, तर वर्गापुरती नोंद ठेवावी. शिवाय प्रत्येक चाचणीत शेवटची काही मिनिटे लेखणी खाली ठेवण्याची घंटा व्हावी, आणि त्यानंतर नवे वाक्य लिहिण्यास मनाई, जुने दुरुस्त करण्यास मोकळीक असावी. पहिल्या दोन-तीन वेळा मुले कुरकुरतील. मग करू लागतील.

यावर शिक्षकांचा आक्षेप मला ठाऊक आहे, आणि तो खरा आहे. एकेका तुकडीत मुलांची गर्दी, तीन-तीन तुकड्यांचे गठ्ठे, त्यावर मतदारयाद्यांची कामे, सर्वेक्षणे, ऑनलाइन भरावयाची माहिती. ज्या बाईंना रात्री अकरानंतर घरचे आटोपून गठ्ठा उघडावा लागतो, त्यांच्याकडे आणखी एक फेरी मागणे निर्दयपणाचे वाटते. परंतु नुसती रेघ ओढण्यास दुरुस्ती लिहिण्याहून कमी वेळ लागतो, ही एक गोष्ट. आणि दुसरी अशी की, प्रत्येक चाचणीत प्रत्येक दोष पाहण्याची गरजच नाही. ऑगस्टच्या चाचणीत फक्त क्रमांक आणि कॅपिटल अक्षरे, ऑक्टोबरच्या परीक्षेत क्रियापदे, सराव परीक्षेत उताऱ्यातून उतरविलेले शब्द, अशी वाटणी केली, तर गठ्ठा हलका होतो आणि मुलाचे लक्षही एका जागी बसते. महानगरपालिकेच्या शाळांत हे आरंभावयास मंत्रालयाच्या शासननिर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही. मुख्याध्यापकाच्या सहीचे एक परिपत्रक आणि वेळापत्रकातला एक तास एवढ्यावर ते भागते. तो तास कोणाच्या वाट्यातून काढावयाचा यावर शिक्षककक्षात वाद होईल, तो खुशाल व्हावा. मला विचाराल, तर दिवाळीनंतर इंग्रजीचे जे जादा तास सुरू होतात त्यांतूनच तो काढावा : तेथे तीच दहा पत्रे मुलांकडून पुन्हा पुन्हा लिहून घेतली जातात, आणि त्यांतले एकही पत्र लिहिणाऱ्याने स्वतः तपासलेले नसते.